आश्वासन समितीचे सदस्य

(१) राज्यशास्त्राचे प्राध्यापक अमरसिंग धावजी आडे हे निवडणूक जिंकून आमदार झाले, हे खरे आहे काय?

हे खरे आहे.

(२) असल्यास, कॉलेजातल्या त्यांच्या जागेचे काय झाले?

जागा तशीच राहिली. सर बिनपगारी रजेवर गेले. खुर्ची त्यांची, कपाटाची किल्ली त्यांची, टाइमटेबलवरचं नावही त्यांचंच. तास मात्र संघदीप मुनेश्वर घेऊ लागला. तो सरांचाच विद्यार्थी. एम. ए., सेट पास. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचंच मानधन. तास झाला नाही तर मानधन नाही, मग तो कशामुळेही न होवो.

(३) तास कशामुळे होत नसे?

कापसामुळे.

*

हजेरी. दसरा होऊन गेलेला. बी. ए. दुसरं वर्ष.

"बावीस नंबर?"

"वेचाईले गेली सर."

"तेवीस?"

"थे बी तिच्यासंगच."

"चोवीस?"

"त्याचा बाप कापूस खरेदीच्या सेंटरवर हाये सर. गाडी अजून लाइनीतच उभी हाये. हा डबा घेऊन गेलता, तर बापानं बैलाजवळ बसवून ठेवलं."

"अन् तू कशी आलीस?"

"आमचा वेचून झाला सर. यंदा होताच केवढा."

वर्गात एवढे कमी लोक असले की तास धरला जात नसे. संघदीप तरी शिकवायचा. राज्यपालांचे अधिकार तो त्या एका मुलीला आणि मागच्या बाकावर झोपलेल्या एकाला समजावून सांगे. मग स्टाफरूममध्ये येऊन पाणी पीत म्हणे, "माझ्याजवळ गुंठाभर वावर नाई, तरी दरसाल माझा कापूस भिजते."

सर आमदार झाल्यावरही कधीमधी कॉलेजात येत. संघदीप उठून खुर्ची द्यायचा. सर बसायचे नाहीत. उभ्यानंच विचारायचे, "कसं चाललंय?" संघदीप म्हणायचा, "चाललंय सर." दोघंही त्या रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभे असत.

त्याला परमनंट करायचं, हे सरांच्या मनात तेव्हापासूनच होतं. आमदारकीत करता येईल असं निदान एक तरी काम त्यांना खात्रीनं दिसत होतं.

*

साक्षगंध केळापूरला होतं. गोविंदा भगत एसटीत कंडक्टर, पांढरकवडा डेपो. त्यांच्या दारात मांडव पडला होता. मुलगी मोनाली, मुलगा संघदीप. त्रिशरण-पंचशील झालं, हार झाले, अंगठ्या झाल्या, पेढे फिरले. आमदारांना टॉवेल टाकलेली खुर्ची होती, शेजारी कॉलेजच्या प्राचार्यांना बिनटॉवेलची.

गोविंदाजींनी माइक हातात घेतला. भरल्या गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जावं असं बोलायची त्यांना रोजची सवय, त्यामुळे माइक जरा ओरडला.

"सगळे बसले हा, तर एक इचारून घेतो. जावई मले पसंत हाये. शिकवते बेस, असं पोरं सांगतेत. पन मी बी डेपोत हाडं झिजवली. बदलीवाला कोन अन् परमनंट कोन, थे मले समजते. तर पोरगा परमनंट कवा होते?"

कुणी हसलं नाही. मांडवातल्या प्रत्येक घरात हा प्रश्न एकदा तरी विचारला गेला होता. आतल्या दारातून मोनालीची आई सत्यभामाबाई म्हणाली, "आजच काहून इचारता जी, पाहुने बसले हायेत." गोविंदाजी म्हणाले, "पाहुने बसले हायेत म्हनूनच." संघदीप बोटातली अंगठी पाहत राहिला.

सर उठले. माइक मागून घेतला.

"गोविंदाजी, पोरगा तासिकेवर हाये, कारन त्याच्या जागेवर मी बसून हावो. मी इकडं अन् खुर्ची तिकडं अडकून. मी उद्याच कॉलेजचा राजीनामा देतो. जागा खाली होईन, जाहिरात निघन, अन् तिथं संघदीप लागन. हा माझा शब्द."

प्राचार्यांनी त्यांच्या सदऱ्याचं टोक ओढलं. "सर, आधी वरून परवानगी, मग राजीनामा. जागा एकदा का रिकामी झाली की..."

(टाळ्या.)

[प्राचार्यांचे उर्वरित वाक्य ऐकू आले नाही.]

सरांनी आयुष्यभर वर्गात सांगितलं होतं की पद माणसापेक्षा मोठं असतं. माणूस गेला की राज्य ते पद भरतं. आणि वर्गात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी, बंजारा तांड्यात, त्यांनी वडिलांना पाहिलं होतं. धावजी नायक. चार माणसांत ते बोलले की बोलणं संपायचं. त्यांच्या निवाड्यात ज्याची बैलजोडी गेली असेल तोही उठून घरी जायचा. एक शिकवण पुस्तकातली, एक घरातली. त्या दुपारी केळापूरच्या मांडवात दोन्ही एकाच वेळी खऱ्या वाटल्या.

राजीनामा दुसऱ्या दिवशी दिला गेला. संस्थेच्या अध्यक्षांनी तो स्वीकारतानाचा फोटो काढून घेतला. सरांना शाल, श्रीफळ.

*

नागपूर. हिवाळी अधिवेशन. कार्यवृत्तातून, जसे सापडले तसे.

प्रा. अ. धा. आडे : अध्यक्ष महाराज, माझ्या भागात खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग गावाबाहेर गेली आहे. बैल गाडीखाली बसतो आणि माणूस कापसावर झोपतो. ज्यांचा कापूस मोजला गेला त्यांना चुकारे नाहीत. मागच्या हंगामाचे नाहीत. मी माझ्याच पक्षाच्या सरकारला विचारतो...

एक सदस्य : प्रोफेसर, घंटा झाली.

(हशा)

प्रा. आडे : घंटा झाली तरी माझी मुलं वर्गात नाहीत, अध्यक्ष महाराज. ती रांगेत आहेत.

(अडथळा. सन्माननीय सदस्य अध्यक्षांच्या आसनासमोर येऊन खाली बसतात. गोंधळ.)

मंत्री : चुकारे अदा करण्यात येतील.

(कामकाज तहकूब.)

चुकारे, म्हणजे कापसाचे अडकलेले पैसे, खरोखरच आले. सगळे नाही, पण आले. तांड्यावर सरांची मिरवणूक निघाली. बायका नाचल्या, डफडी वाजली. त्यांची याडी, म्हणजे आई, लालीबाई दारात उभी होती. कपाळाला गुलाल लावून घ्यायला सर वाकले, तेव्हा ती कानात म्हणाली, "बेटा, वजन कमी झालं तुझं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आदेश निघाला. तिजोरीवरचा ताण पाहता पुढील सूचना येईपर्यंत कोणतेही रिक्त पद भरू नये.

कॉलेजनं जाहिरातीचा मसुदा करून ठेवला होता. तो कपाटात गेला. त्या कपाटाची किल्ली आता सरांकडे नव्हती.

सर मंत्र्यांना लॉबीत गाठायला गेले.

"साहेब, एकच जागा. माझीच होती. मी सोडली म्हणून रिकामी झाली."

"प्रोफेसर, चुकारे मागायला खाली बसला होतात ना तुम्ही?"

"हो."

"मग ते आम्ही कुठून आणले असं वाटतं तुम्हाला?" मंत्र्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात प्रेमाचाच होता. "कापूसही तुमचा, मास्तरही तुमचा. एकाचं झालं. एकाचं राहिलं."

 सर वर्गात असते तर मुलांना म्हणाले असते, या विधानातला दोष शोधा. दोष होता. पण तो शोधून काढला तरी जागा भरली जाणार नव्हती.

*

(४) प्रा. आडे हे विधानमंडळाच्या आश्वासन समितीचे सदस्य होते, हे खरे आहे काय?

हे खरे आहे. या समितीचं काम एवढंच: मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पुढे पाळला गेला की नाही ते पाहायचं. पाळला नसेल तर खात्याच्या अधिकाऱ्याला समोर बसवून का ते विचारायचं.

एका बैठकीत एक अधिकारी म्हणाला, "साहेब, हे आश्वासन आधीच्या मंत्रिमहोदयांचं. ते आता मंत्री नाहीत."

सर म्हणाले, "ते नसतील. आश्वासन आहे."

बाकीच्या सदस्यांनी माना हलवल्या. अधिकाऱ्यानं पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला. वाक्य चांगलं झालं होतं, असं सगळ्यांना वाटलं. सरांनाही. मुंबईहून परत येताना गाडी कळंबला थांबली. चिंतामणी गणपतीच्या देवळाच्या पायऱ्या उतरून ते खाली गेले, हात जोडले, आणि काय मागायचं ते आठवेना. बरोबरचा कार्यकर्ता म्हणाला, "सर, पुन्हा तिकीट मांगा." सरांनी ते मागितलं.

*

सरांच्या घराचा ओटा, सकाळ. रांग.

"सर, डीपी जळाली, अर्ध्या गावात अंधार हाये."

"पाहतो."

"सर, पोराचं सर्टिफिकेट अडवून ठेवलं."

"फोन करतो. पाहतो."

"सर, सेंटर काहून बंद केलं?"

"पाहतो."

"सर, माह्या सासऱ्याचं..."

"पाहतो."

"सर, थे पाहतो म्हनले होते तुम्ही..."

"पाहतो म्हणालो ना."

सर रांगेतल्या पुढच्या मुलीकडे वळले. "तुझं काय, बाई?"

"मी मोनाली भगत. केळापूर."

सर उठून उभे राहिले. "अगं, तू रांगेत कायले उभी राह्यली? आत ये. चहा घे."

"नको सर. मले काई मांगाचं नाई. शब्द देनारा मानूस रोजचा दिसते कसा, थे पाहाले आलती."

मागचा एक जण फस्सकन हसला आणि खोकल्याचं सोंग करून गप्प झाला.

"संघदीपचं काम चालू आहे. परवाच मी मंत्रालयात..."

"चालू हाये, थे मालूम हाये मले." तिचा आवाज चढला नाही. "बाबा तारीख काढत नाई. दुसरीकडं पाहतही नाई. कोनी स्थळ घेऊन आलं की सांगते, आमदारानं शब्द देल्ला हाये, पोरगा लागून राह्यला. तुमचा शब्द आमच्या घरी भिंतीले टांगला हाये सर. त्याच्याखाली मी बसली हावो."

"तुझं स्वतःचं काय म्हणणं आहे?"



"माझं? माझं कोनी इचारलंच नाई आतापावतर. म्हनून मी बी तयार करून आली नाई."

आणि ती गेली. रांग एक पाऊल पुढे सरकली.

*

(५) राजीनामा परत घेण्याचा प्रयत्न झाला काय?

होय. सरांची कल्पना अशी होती की आपणच परत त्या जागेवर जाऊन बसावं. मग निदान संघदीपचे तास तरी वाचतील. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "सर, स्वीकारलेला राजीनामा कसा परत देऊ? फोटो आहे."

(६) तास वाचले काय?

नाही. भरायचं नसलेल्या पदावर तासिकेचीही मंजुरी येईना. विषयाला मुलंही उरली नव्हती; कापसाचा भाव पडत गेला तशी आधी मुली गेल्या, मग मुलं. पुढच्या वर्षापासून राज्यशास्त्र इतिहासवाल्यांनीच सांभाळावं, असं ठरलं.

(७) पुढच्या निवडणुकीत काय झाले?

सरकारनं कापूस खरेदीतून अंग काढून घेतलं, त्या दिवशी सभागृहात पक्षाचा व्हीप होता. सरांनी हात वर केला होता. चुकारे आणले म्हणून ज्या तांड्यानं गुलाल उधळला, त्याच तांड्यानं प्रचाराला आलेल्या सरांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "सर, चुकारे आनले, चांगलं केलं. पन आता कापूस नेऊ कोठी?" सर तिथंच बसून राहिले. पुढच्या गावची सभा त्या दिवशी झाली नाही.

ते पडले.

*

निकालानंतर काही महिन्यांनी संघदीप घरी आला. ओट्यावर कुणी नव्हतं. तो आता एका खाजगी जिनिंग कारखान्याच्या फाटकावर बसायचा, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. त्याच्या केसांत कापसाचे धागे होते.

"सर, एक काम हाये."

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून तो घाईनं म्हणाला, "नोकरीचं नाई सर. तुमचा शब्द परत घ्या."

"म्हणजे?"

"गोविंदाजी अडून बसलेत. ना लग्न लावत, ना मोडत. मी जाऊन सांगितलं, मी काई लागत नाई आता, पोरीले मोकळी करा. त म्हनतेत, तू कोन सांगनारा, शब्द तुह्या बापानं नाई देल्ला, सरानं देल्ला." तो हसला, आणि ते हसणं लवकर संपलं. "तिचं वय चाललं सर. मले तिले नाई म्हनता येत नाई, हो म्हनाची ऐपत नाई. तुम्ही म्हनून टाका."

सर लालीबाईकडे गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. तिच्याशी ते घरच्या गोर बोलीतच, बंजाऱ्यांच्या भाषेत बोलत. सगळं ऐकून ती सुपावरून नजर न काढता म्हणाली की तुझ्या बापानं एकदाच शब्द परत घेतला होता. चार माणसांत दिला होता, तर चार माणसं गोळा करून, उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा घेतला होता. घरात बसून कानात सांगितलं तर तो परत घेतला असं होत नाही.

"मग काय झालं?"

"काय होनार," ती मराठीत म्हणाली. "लोकाईनं आइकलं. घरी गेले."

*

शब्द परत घेण्यासाठी मांडव कोण घालणार? आणि गोविंदाजी घरी सापडत नसत. सर येणार असं कळलं की ते ड्युटी बदलून घेत. म्हणून एके दिवशी सर यवतमाळच्या स्टँडवर जाऊन मुकुटबनच्या गाडीत बसले. गाडी गोविंदाजींची आहे, हे संघदीपनं विचारून ठेवलं होतं. माणसंही गाडीत होती. चारपेक्षा खूप जास्त.

सर सवयीनं पुढच्या, खिडकीवर 'आमदार' लिहिलेल्या सीटवर बसले.

गोविंदाजी तिकिटं फाडत फाडत पुढे आले. सरांना पाहून थबकले. मग पंचाची टिकटिक पुन्हा सुरू झाली.

"कुठं?"

"गोविंदाजी, मी तुमच्याशीच बोलायला..."

"पहिले टिकीट, मंग बोलनं. कार्ड हाये?"

सरांनी कार्ड दिलं. गोविंदाजींनी ते उलटसुलट पाहिलं. "हे संपलं."

"माजीचं अजून मुंबईहून आलं नाही."

"मंग फुल घ्या लागते. केळापूर ना?"

मागच्या सीटवरून एक फेटेवाला म्हणाला, "सर, थे सीट आता दुसऱ्या सायबाची हाये."

दुसरा म्हणाला, "बसू दे बे. दुसरा सायब एसटीनं थोडी येते."

गाडी हसली. सरही हसले. मग ते सीटचा दांडा धरून उभे राहिले. गाडी हलत होती, त्यामुळे त्यांना वर्गात उभं राहतात तसं उभं राहता येत नव्हतं.

"मंडळी," ते म्हणाले, "जरा ऐका. मी गोविंदाजींना शब्द दिला होता. यांच्या जावयाला माझ्या जागेवर लावीन म्हणून. चार माणसांत दिला होता. तो मला पाळता आला नाही. आता पाळता येणारही नाही. मी तो इथं, तुमच्यासमोर, परत घेतो. गोविंदाजी, तुम्ही मोकळे. पोरगी मोकळी."

कुणीतरी मांडीवरच्या कोंबडीला गप्प केलं. सगळे गोविंदाजींकडे पाहू लागले.

"हे असं नाई होत सर," गोविंदाजी म्हणाले. तिकिटांचा ट्रे त्यांनी पोटाशी धरला होता. "शब्द कोनं देल्ला? आमदारानं देल्ला. खुर्चीवर टॉवेल होता, मीच टाकलता. आता तुम्ही आमदार हा का?"

"नाही."

"मंग थे मानूसच राह्यला नाई ज्यानं देल्ला. तुम्ही कोनाचा शब्द परत घेऊन राह्यले?"

"बरोबर बोलला कंडक्टर," फेटेवाला म्हणाला. "सातबाऱ्यावरचा बोजा हाये हा. वावर इकलं तरी बोजा राहते."

"मंग नव्या आमदाराकडून घ्या ना बोजा उतरून," एक बाई म्हणाली.

"थो आपलेच उतरवून राह्यला," कुणीतरी म्हणालं आणि गाडी पुन्हा हसली. मग कापसाचं बोलणं निघालं, मग कुणाच्या तरी बोअरवेलचं. सर दांडा धरून उभेच होते. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, पण सभागृह दुसऱ्या विषयावर गेलं होतं.

रेडिएटरमध्ये पाणी टाकायला ड्रायव्हरनं एका नाल्याजवळ गाडी लावली. माणसं पाय मोकळे करायला उतरली. गोविंदाजी सरांना बाभळीच्या सावलीत घेऊन गेले. तिथं त्यांचा आवाज कंडक्टरचा राहिला नाही.

"सर, एक सांगतो. राग नोका मानू. मले काय समजत नाई का? जागा गेली, थे मले तुमच्या आंधीच समजलं. डेपोतही तेच चालू हाये."

"मग मोकळी करा ना पोरीला."

"करतो कशी? इतके दिस एका पोराच्या नावानं बसली. लोक इचारतेत, काहून बसली? मी सांगतो, सरानं शब्द देल्ला हाये, पोरगा लागून राह्यला, म्हनून बसली. लोक म्हनतेत, बरं. तुम्ही शब्द परत घेतला, तर मंग काहून बसली होती? काय सांगू मी? काय काय म्हनतीन तिले, थे तुम्हाले सांगाची गरज हाये का?"

सरांनी पायाशी पडलेला बाभळीचा काटा उचलून बाजूला टाकला.

"अन् थो पोरगा बी. आता थो लागनारा हाये. शब्द गेला की नुसता फाटकावरचा होते. माझ्यापाशी तेवढंच हाये सर. तेवढं राहू द्या."

"पण किती दिवस?"

"थे मले काय मालूम." गोविंदाजींनी टोपी काढून डोकं पुसलं. "आठ-पंधरा दिसात पाहुने येनार हायेत, सत्यभामाच्या माहेरचे. थे आले की पुन्हा इचारतीन. तवा तुम्ही फक्त नाई नोका म्हनू. एवढंच."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. माणसं चढली. सर चढले. आमदारांच्या सीटवर आता ती कोंबडीवाली बाई बसली होती. ती उठू लागली तर सरांनीच हातानं बस म्हटलं आणि ते मागे जाऊन उभे राहिले.

गोविंदाजी शेवटी चढले. दार लावलं. आणि भरल्या गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "अजी, सर सांगून राह्यले, काम होऊन राह्यलं म्हनते आमच्या जावयाचं. मघाशी थे गंमत करत होते."

माना वळल्या. फेटेवाल्यानं विचारलं, "हाव का सर? होऊन राह्यलं?"

गोविंदाजी सरांकडे पाहत नव्हते. ते ट्रेमधली तिकिटं सारखी करत होते, जी आधीच सारखी होती.

"होईल," सर म्हणाले.

"कवा?"

सरांनी आयुष्यात वर्गात कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं. माहीत नसेल तर ते म्हणत, उद्या पाहून सांगतो. इथं उद्या नव्हता.

"या अधिवेशनानंतर."

"बेस झालं," कोंबडीवाली बाई म्हणाली. "पोरीचं लगन होईन."

गोविंदाजींनी दोरी ओढून दोनदा घंटी दिली.